विमानाच्या चाकातली हवा



माझे एक मामा हवाई दलात फिटर होते. निवृत्तीनंतर ते बेळगावात आमच्याच घरी राहत. बाजाराला जाण्यासाठी सायकल बाहेर काढली, की आधी वाकून दोन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहावयाची, मग स्वतःशीच हसावयाचे आणि म्हणावयाचे, "अंगठ्यावर विश्वास ठेवायचा तो सायकलपुरताच." आम्हां मुलांना या वाक्यात हसण्यासारखे काय आहे ते कळत नसे. ते कळावयास बरीच वर्षे जावी लागली, आणि आजच्या भाषणाचा विषय मला त्या अंगठ्यानेच दिला आहे, असे म्हटले तरी चालेल.

विषय थोडा चमत्कारिक वाटेल. विमानाचा इतिहास सांगणारे पंखांविषयी बोलतात, इंजिनांविषयी बोलतात, वैमानिकांच्या साहसाविषयी तर बोलतातच बोलतात. चाकांविषयी, आणि त्यांत कोंडलेल्या हवेविषयी, सहसा कोणी बोलत नाही. परंतु जुन्या पंख्याच्या विमानांची हकीकत जितकी वाचावी, तितके हे ध्यानात येते की, विमान कोठे उतरू शकेल आणि कोठे नाही, याचा निकाल पुष्कळदा या कोंडलेल्या हवेनेच दिलेला आहे.

आरंभच पाहा. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉक येथे राइट बंधूंनी विमान उडविले, तेव्हा त्याला चाके नव्हती. खाली घसरगाडीसारख्या लाकडी पट्ट्या होत्या आणि उड्डाणासाठी वाळूवर लाकडी रूळ अंथरला होता. गंमत अशी की, राइट बंधू धंद्याने सायकलवाले. त्यांचे सारे आयुष्य चाके जुळविण्यात गेलेले. पण किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत सायकलचे अरुंद चाक रुतणार, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगावयास नको होते. चाकावर धावत जाऊन विमान उडविले ते १९०६ साली पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ यांनी. हवा भरलेला टायर तोवर तयार होताच. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो बनविला होता. म्हणजे पहिल्या विमानांच्या पायांत घातले गेले ते सायकलचेच जोडे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता येथे थोडे गणित सांगावे लागेल. शिक्षकाला एवढी सवलत असावी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. भरलेली गाडी पावसाळ्यात पांदीतून गेली, की ती धाव चिखल कापीत आत शिरते. उलट उंटाचे पाऊल पाहा. वजन मोठे, पण पाऊल पसरट आणि मऊ. वाळूवरून तो निर्धास्त चालतो. हवेच्या टायरचे काम उंटाच्या पावलासारखे आहे. टायरवर भार आला, की तो तळाशी चपटा होतो आणि जमिनीवर पसरतो. किती पसरतो? आतल्या हवेच्या दाबाने त्या भाराला भागावे, म्हणजे उत्तर जवळजवळ बरोबर येते. चाकावर १२,५०० पौंडांचा भार असेल आणि आत चौरस इंचास ५० पौंड दाबाची हवा असेल, तर टायर सुमारे २५० चौरस इंच जमिनीवर टेकेल. म्हणजे लांबी-रुंदीने १६-१६ इंचांच्या फरशीएवढे ठिकाण. तोच दाब २०० पौंड केला, तर तेवढाच भार ६२ चौरस इंचांवर येईल. सारांश, टायरमध्ये जेवढा दाब, जवळजवळ तेवढाच दाब खालच्या मातीला सोसावा लागतो. चाकातली हवा म्हणजे विमानाने जमिनीशी केलेला करार होय.

१९२९ च्या सुमारास अमेरिकेतील गुडइयर कंपनीने या करारातील अटी अगदी सौम्य केल्या. 'एअरव्हील' या नावाचा फुग्यासारखा फुगीर आणि अगदी थोड्या दाबाचा टायर तिने बाजारात आणला. खडबडीत माळ, ओली कुरणे, नद्यांकाठचे वाळवंट अशा ठिकाणी लहान विमाने उतरू लागली. अलास्कातील वैमानिक आजही या जातीचे फुगीर टायर वापरून गोट्यांनी भरलेल्या नदीपात्रांत उतरतात.

आपल्याकडील नागरी विमानवाहतुकीचा पाळणाही अशाच मऊ जमिनीवर हलला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ या लहानशा विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे विमानापर्यंत आले ते बैलगाडीतून! लोखंडी धाव आणि रबरी टायर एकाच मैदानावर शेजारी-शेजारी उभे राहिल्याचे ते चित्र माझ्या मनातून जात नाही. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राच्या भरतीच्या पातळीखालची चिखलट जमीन. पावसाळा आला, की तेथे पाणी भरे आणि मग टाटांची सारी मंडळी विमानांसह पुण्याला मुक्काम हलवीत. टायर कितीही मऊ असला, तरी चिखलाशी करार करता येत नाही, हे त्यांना दर आषाढात नव्याने कळत असे.

पुढे आला डाकोटा. या विमानाचे मूळ नाव डग्लस डी.सी.-३. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. राइट बंधूंच्या उड्डाणाला त्याच दिवशी बरोबर ३२ वर्षे पूर्ण झाली होती. दुसऱ्या महायुद्धात या घराण्याची दहा हजारांहून अधिक विमाने बनली आणि युद्ध संपल्यावर त्यांतील कितीतरी भारतातच राहिली. याची मुख्य चाके पाहिली नसतील त्यांनी कल्पना करावी: टायर सुमारे १७ इंच रुंद, रिम १६ इंचांची, आणि उंची साडेतीन फुटांहून अधिक. त्यात हवेचा दाब चौरस इंचास ४५ ते ५० पौंडांच्या आसपास. आपल्या स्कूटरच्या टायरमध्ये याहून फार कमी हवा नसते! बारा-तेरा टनांच्या विमानाला एवढ्या कमी दाबावर उभे करणे, हेच डाकोटाच्या यशाचे एक मोठे कारण आहे. इंजिनांची स्तुती सर्वांनी केली. त्या जाड, नरम टायरांची कोणी केली नाही.

२७ ऑक्टोबर १९४७ ची सकाळ आठवा. आदल्या दिवशी महाराजा हरिसिंग यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली होती. बारामुल्ल्याकडून टोळीवाले श्रीनगरच्या दिशेने येत होते. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या हाताखालील पहिली शीख पलटण दिल्लीहून डाकोटांत बसली. हवाई दलाची विमाने होती, आणि खासगी कंपन्यांचीही होती. श्रीनगरचा तळ म्हणजे महाराजांच्या लहान विमानांसाठी राखलेला मातीचा पट्टा. भरलेल्या मोठ्या विमानांसाठी तो कधीच बांधलेला नव्हता. एक विमान उतरले, की धुळीचा असा लोट उठे की मागच्याला जमीन दिसेना. त्या मातीवर डाकोटा उतरले, रिकामे होऊन उडाले, पुन्हा भरून आले. कर्नल राय पहिल्याच फेरीत कामी आले; पण श्रीनगर राहिले. या प्रसंगाचे श्रेय ज्यांचे त्यांना पुरेपूर मिळालेच पाहिजे. मला फक्त एवढे सांगावयाचे आहे की, त्या दिवशी आपल्याजवळ चौरस इंचास दोनशे पौंड दाबाच्या टायरांची विमाने असती, तर ती त्या पट्ट्यात पहिल्याच फेरीला रुतून बसली असती.

पुढच्या वर्षी, २४ मे १९४८ रोजी, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा लेहला उतरविला. शेजारी जनरल थिमय्या बसले होते. लेहचा पट्टा सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या हातांनी तयार करून घेतला होता. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साडेदहा हजार फुटांच्या वर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, म्हणून विमानाला जमिनीवर टेकतानाच नेहमीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने अधिक वेग ठेवावा लागतो. तो सारा वेग प्रथम चाकांना सोसावा लागतो. टेकण्याच्या क्षणापूर्वी चाक स्थिर असते. टेकताच एका क्षणात ते ऐंशी-नव्वद मैलांच्या वेगाने फिरू लागते. टेकताना उठणारा निळसर धूर आपण पाहतो, तो घासल्या गेलेल्या रबराचा.

लेहच्या संबंधात मी वर्गात मुलांना एक उदाहरण घालतो. दिल्लीत मे महिन्याच्या ४० अंश उष्म्यात टायरमध्ये ४५ पौंड हवा भरली. आता गेज जो आकडा दाखविते, तो बाहेरच्या हवेपेक्षा किती अधिक, एवढेच सांगणारा असतो. बाहेरचे सुमारे १४ पौंड मिळवावे, म्हणजे खरा दाब ५९ झाला. लेहला उष्णता १० अंश धरू. हवा आकसते आणि खरा दाब ५३ वर येतो. मुले लगेच म्हणतात, टायर बसला! पण थांबा. लेहची बाहेरची हवाही विरळ. तिचा दाब सुमारे १० पौंडच. ५३ मधून १० गेले, म्हणजे गेजवर ४३. थंडीने घेतले ते उंचीने बव्हंशी परत दिले. निसर्ग असा हिशेबी क्वचितच सापडतो. पण मैदानातल्याच एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना, किंवा एकाच गावी दुपारची पहाट होताना, ही भरपाई मिळत नाही. दर तीन अंशांमागे सुमारे एक टक्का दाब उतरतो किंवा चढतो. हिवाळ्याच्या पहाटे म्हणूनच टायर रोज गेज लावून पाहावा लागतो.

आणि तोही थंड असताना. नुकत्याच उतरलेल्या विमानाचा टायर तापलेला असतो, त्याचा आकडा फुगलेला असतो. नवशिका माणूस तो आकडा पाहून घाबरतो आणि हवा सोडतो. दोन-तीन तासांनी टायर निवला, की तो उपाशी राहिलेला असतो. जाणता फिटर विमान सावलीत तसेच उभे ठेवून चहा पिऊन येतो. नवा टायर चढविला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा पाहावयाचीच, कारण आतले तंतू पहिल्या दिवशी ताणतात आणि टायर किंचित मोठा होतो. डाकोटाच्या बाबतीत आणखी एक त्रास. त्याची चाके उडताना वर जाऊन बसतात ती थेट इंजिनाच्या पोटाखाली. चौदा सिलिंडरांची ती गोल इंजिने तेल गाळण्याविषयी प्रसिद्धच. रबराला तेल म्हणजे लाकडाला वाळवी. म्हणून विमान उभे असताना टायरांवर कापडी आच्छादन घालावयाचे, तेल पडलेच तर साबणाच्या पाण्याने धुवावयाचे, हा रोजचा नेम. विमान आठवड्यामागून आठवडे एकाच जागी उभे राहिले, तर टायर खालून चपटा होऊन बसतो. त्याला मधूनमधून थोडे ढकलून चाकाची बाजू बदलावी लागते.

याच डाकोटाविषयी एक सोयीची गोष्टही सांगून टाकतो. चाके वर घेतली, तरी ती पूर्ण आत जात नाहीत; थोडी बाहेर डोकावत राहतात. त्यामुळे कधी चाके खाली आलीच नाहीत, तरी विमान त्या डोकावणाऱ्या टायरांवर घसरत थांबू शके.

आता मामांच्या अंगठ्याकडे येतो. जुन्या विमानांच्या टायरात, सायकलसारखीच, आत वेगळी ट्यूब असते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर येतो. हवा पुरेशी असेल, तर टायर रिमला घट्ट आवळून बसतो. हवा कमी असेल, तर टेकताना जो झटका बसतो त्यात चाकाची रिम आणि टायर एकमेकांवर सरकतात. टायरबरोबर ट्यूब सरकते, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. थोडे सरकले तर तो वाकडा होतो. अधिक सरकले तर ट्यूबपासून उपटून निघतो आणि टायर एका दमात रिकामा होतो. हे ओळखावयाचे कसे? टायर आणि रिम या दोहोंवरून जाणारी एक सरळ रेघ रंगाने ओढून ठेवतात. रेघ अखंड असली तर ठीक. तुटून दोन तुकडे एकमेकांपासून दूर गेले असतील, तर टायर सरकला आहे.

मामा ईशान्य भारतातील एका तळावर नव्याने लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. हिवाळ्याची पहाट, दाट धुके, हात गारठलेले. विमान लवकर सोडावयाची घाई होती. मामांनी टायरला बुटाची एक लाथ घातली, अंगठ्याने दाबून पाहिले, आणि फॉर्म ७०० वर आदल्या दिवशीचाच आकडा उतरवून सही केली. विमान जाऊन दुपारी परत आले. लोखंडी जाळीच्या पट्ट्यावर उतरताना ते डावीकडे ओढत होते, असे वैमानिक सहज म्हणाला. त्यांच्या वरच्या वॉरंट ऑफिसरने मामांना डाव्या चाकापाशी नेले आणि बोट दाखविले. तांबड्या रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांत दोन बोटांचे अंतर होते. व्हॉल्व्ह भोकात तिरका होऊन उभा होता. त्या फेरीत विमानात वीस-बावीस जवान होते. वॉरंट ऑफिसर काहीही बोलला नाही. तसाच निघून गेला. "शिवी दिली असती तर बरे झाले असते," मामा सांगत. ती फॉर्मवरची सही आणि ते दोन बोटांचे अंतर त्यांनी पुढे कित्येक वर्षे मनात वागविले. सायकलीपाशी येणारे ते हसू त्याचे होते.

युद्धानंतर विमाने जड होत गेली आणि करार कडक होत गेला. याचा अतिरेक अमेरिकेच्या बी-३६ या प्रचंड बाँबफेकी विमानाच्या पहिल्या नमुन्यात पाहावयास मिळतो. ८ ऑगस्ट १९४६ रोजी ते प्रथम उडाले. त्याच्या प्रत्येक मुख्य पायाला एकच चाक होते, आणि त्याचा टायर ९ फूट २ इंच उंच! असे टायर पूर्वी कधी बनले नव्हते. पण एवढा भार दोनच ठिकाणी एकवटल्यामुळे तो सोसणाऱ्या धावपट्ट्या साऱ्या अमेरिकेत मिळून केवळ तीन. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी बनविलेले विमान, आणि उतरावयास जागा तीन! शेवटी ती राक्षसी चाके काढून प्रत्येक पायाला चार-चार लहान चाकांची गाडी बसविण्यात आली. तेव्हापासून मोठ्या विमानांचा तोच शिरस्ता पडला. चाके वाढली, दाब वाढला, आणि मातीचे पट्टे जाऊन त्यांच्या जागी सिमेंट आले. आजच्या जेट विमानांच्या टायरांत दोनशे पौंडांच्या घरात दाब असतो. आपल्या बेळगावचा सांबऱ्याचा तळ १९४२ सालचा, युद्धाच्या निकडीतून झालेला. तोही काळाबरोबर लांब आणि टणक होत गेला.

गोव्यातील श्रोत्यांना दाबोळीची गोष्ट ठाऊक असेल, निदान त्यांच्या वडीलधाऱ्यांना तरी. दाबोळीचा तळ पोर्तुगीजांनी १९५५ च्या सुमारास उभारला. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. तळावर दोन पंख्याची मोठी विमाने उभी होती: एक चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन आणि एक डी.सी.-४. वैमानिकांनी रात्र पडण्याची वाट पाहिली. तोवर मजुरांनी धावपट्टीचा सुमारे ७०० मीटरांचा तुकडा कसाबसा बुजवून सपाट केला. वजन कमी करण्यासाठी कॉन्स्टेलेशनमधील जादा खुर्च्या आणि सामान बाहेर फेकले गेले. त्यात अधिकाऱ्यांची कुटुंबे बसली. अंधारात, विखुरलेल्या खडीवरून ते धावले आणि उडाले. उडालेल्या दगडांनी त्याच्या अंगाला पंचवीसएक भोके पडली आणि एक टायर फुटला. तरी ते कराचीला पोचले, मागोमाग डी.सी.-४ ही पोचले.

राजकारण बाजूला ठेवून, केवळ चाकांचा विचार करणाऱ्याला या घटनेत एक गोष्ट दिसते. कॉन्स्टेलेशनच्या प्रत्येक पायाला चाकांची जोडी होती. एक टायर गेला, तर त्याचा भार शेजारच्याने घेतला. डाकोटाच्या पायाला एकच चाक. त्याला शेजारी नाही. जोडीची सोय मोठी आहे खरी, पण या सोयीच्या पोटातच एक धोका दडलेला आहे. एक चाक मऊ असले, तरी जोडीदार भार उचलतो आणि विमान सरळ उभे दिसते. डोळ्यांना काहीच कळत नाही. भार उचलणारे चाक मात्र नेमलेल्याहून अधिक दबते, तापते.

११ जुलै १९९१ रोजी जेद्दाहून नायजेरियाच्या हज यात्रेकरूंना घेऊन निघालेल्या डी.सी.-८ या जेट विमानात नेमके हेच घडले. टायरांत हवा कमी आहे, हे देखभाल करणाऱ्यांना चार दिवस आधी कळले होते. भरण्यासाठी नायट्रोजन चटकन मिळाला नाही, वेळापत्रक मागे पडले होते, आणि विमान तसेच जात राहिले. उड्डाणासाठी धावतानाच कमजोर चाकाशेजारचा टायर तापून फुटला, मग दुसरा. घर्षणाने आग लागली, आणि ती आगच चाकांबरोबर विमानाच्या पोटात ओढली गेली. २६१ माणसांपैकी एकही वाचला नाही. हे जेट विमान होते, आपला आजचा विषय पंख्याच्या विमानांचा. तरी हा प्रसंग गाळणे मला शक्य झाले नाही. मामांच्या फॉर्मवरचा आकडा आणि जेद्दाचा आकडा यांत जातीचा फरक नाही, निकालाचा आहे.

नायट्रोजनाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जुन्या काळी टायरांत साधी हवाच भरत. पायपंपाने किंवा सिलिंडरने. साध्या हवेत ओलावा असतो, त्याने आतून रिम गंजते, आणि प्राणवायू असतो, तो रबराला जुनाट करतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एक बोईंग ७२७ जेट विमान हवेत असताना त्याचा तापलेला टायर आतल्या आत स्फोट पावला आणि १६७ माणसे गेली. त्या टायरात नायट्रोजनाऐवजी साधी हवा भरलेली होती. तेव्हापासून मोठ्या विमानांत कोरड्या नायट्रोजनाचा आग्रह सक्तीचा झाला. आज जतन केलेली जुनी विमानेही ज्यांच्या हाती आहेत, त्यांपैकी पुष्कळजण तोच वापरतात.

अशी विमाने आपल्याकडेही आहेत. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीत टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, आणि 'परशुराम' नावाचा एक डाकोटा आहे. राजीव चंद्रशेखर यांनी तो ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेऊन हवाई दलाला भेट दिला. त्यांचे वडील स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. एप्रिल २०१८ मध्ये तो ब्रिटनहून उडत उडत जामनगरला आला आणि ४ मे २०१८ रोजी हिंडन येथे दाखल झाला. त्याच्या अंगावर व्ही.पी. ९०५ हा क्रमांक घातला आहे, म्हणजे १९४७ च्या त्या सकाळी पहिल्या शीख पलटणीला श्रीनगरला नेणाऱ्या विमानाचा क्रमांक. अशा विमानाचे इंजिन जपणे कठीण, हे सर्वांना कळते. परंतु टायरांचे काय? जुन्या मापांचे टायर आज मोजकेच कारखाने बनवितात. विमान वर्षातून थोडे उडते आणि पुष्कळ उभे राहते. म्हणजे टायर झिजून जाण्याआधी वयाने जातो, त्याच्या बाजूंवर ऊन आणि ओझोन यांच्या बारीक भेगा पडतात. जुनी रिम दोन अर्ध्या तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली असते. आत हवा असताना ते बोल्ट सैल केले, तर तुकडे तोफेसारखे सुटतात. म्हणून हवा पूर्ण सोडल्याची खात्री केल्याशिवाय पान्याला हात लावावयाचा नाही, हा नियम या विद्येचा पहिला धडा आहे. ज्यांनी तो पहिल्या हाताने शिकविला, ती पिढी आता फारशी उरलेली नाही.

विमानातून काढलेल्या टायरचे पुढे काय होते? बिकानेरच्या बाजूला गेलात, तर उंटगाड्यांच्या खाली ते दिसतील. तेथे लोकांनी विमानांचे टाकून दिलेले टायर गाड्यांना लावण्याचा प्रघातच पाडला आहे. वाळूत लोखंडी धाव रुतते, हे त्यांना ठाऊक आहे. पुढे उंटाचे पाऊल आणि मागे विमानाचा टायर, दोन्ही एकाच वाळूवर, एकाच युक्तीने चाललेली असतात.

मामांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांना एका ठिकाणी मांडून ठेवलेला डाकोटा पाहावयास नेले होते. पंखाखाली सावली होती, मुले दोरीबाहेर उभी राहून फोटो काढीत होती. मामा दोरी ओलांडून आत गेले. पहारेकऱ्याने हटकले, पण त्यांचे वय पाहून गप्प राहिला. विमानाचे वजन लोखंडी घोड्यांवर तोललेले होते. टायर केवळ शोभेसाठी जमिनीला टेकलेले. मामा डाव्या चाकापाशी वाकले, टायरवरची धूळ हाताने पुसली आणि बराच वेळ काही तरी शोधीत राहिले. रंगाचे नवे पोत चढविताना कोणी तरी टायर आणि रिम दोन्ही काळ्या रंगाने सरसकट रंगवून टाकली होती. "रेघ नाही," ते मला म्हणाले, आणि खिशातून खडू मागितला. शिक्षकाच्या खिशात तो असतोच. त्यांनी टायरपासून रिमपर्यंत एक आडवी, सरळ रेघ ओढली, ती नीट जुळली आहे का ते मान तिरकी करून पाहिले, आणि मग आम्ही बाहेर आलो.